रातांब्याच्या रसातली अंगठी

मे महिना अर्धा सरला की आमच्या खळ्यात पाऊल टाकायला जागा उरत नाही. एका बाजूला फणसाची साठं, दुसऱ्या बाजूला आमसुलं, आणि मधल्या उरलेल्या पट्ट्यात रातांब्यांची पाटी पुढ्यात घेऊन बसलेली आई. रातांबा फोडायचा, गर आणि बिया एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात. रसात मीठ घालायचं, सालं त्यात बुडवायची, उन्हात वाळवायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा त्याच रसात. अशी चार-पाच पुटं दिल्याशिवाय आमसुलाला खरा रंग चढत नाही, असं तिचं म्हणणं. त्या आठ-दहा दिवसांत तिचे हात मनगटापर्यंत लाल असतात आणि बोटांच्या चिरांत मीठ झोंबत असतं. मी हातमोजे आणून दिले होते. ते अजून पिशवीतच आहेत.

सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तिने पहिल्यांदाच अंगठी न काढता त्या रसात हात घातला. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. बोटाचा सांधा सुजल्यामुळे अंगठी निघत नव्हती हे एक कारण. दुसरं तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून तिला ती अंगठी केली होती. मोठ्या शहरातल्या एका दुकानातून, स्वतः जाऊन, आईला न सांगता. बिलावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं, 'बर्मा माणिक'. ते बिल बाबांनी चार घड्या घालून पोथीत ठेवलं होतं.

शेवटचं पुट झालं त्या रात्री आई ओट्याशी उभी राहून पदराने अंगठी पुसत होती. पुसून झालं की दिव्याकडे धरायची, पुन्हा पुसायची. मला वाटलं मीठ बसलं असेल. मी कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासून पाहिलं. खड्याच्या तोंडावर पांढऱ्या रेघांचं जाळं पसरलं होतं, भात कापून झाल्यावर मळ्याच्या जमिनीला भेगा पडतात तसं. नखाने चाचपलं तर रेघ खाली लागत होती. म्हणजे वर काही बसलेलं नव्हतं, आतलंच काहीतरी गेलं होतं.

"माझ्या हातानं गेलं बघ ते," आई म्हणाली. "त्यांनी पै पै करून आणलेलं. मला मेलीला अक्कल नाही, आंबटात हात घातला."

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून देते की माणिक म्हणजे ॲल्युमिनिअमचं ऑक्साइड, कुरुविंद या खनिजाचा लाल प्रकार, कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर हिरा 10 आणि माणिक 9. रातांब्याच्या रसाने माणिक विरघळायचं असतं तर जगात एकही माणिक शिल्लक राहिलं नसतं. तरीही त्या रात्री मी आईला नीट काही सांगू शकले नाही. नुसतं म्हटलं, "आई, तुझ्या हाताने काही झालेलं नाही." तिला ते मुलीचं सांत्वन वाटलं.

मग मी भिंग आणलं. दागिन्यांच्या कामाचं, दहापट मोठं दाखवणारं, घडी घालून मुठीत मावणारं. त्याची एक रीत असते: भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि खडा भिंगापर्यंत न्यायचा, दोन्ही कोपर टेबलावर टेकवून, दुसरा डोळा उघडा ठेवून. पहिले दोन दिवस मला काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या उजेडात अंगठी हळूहळू कलती करताना आत एक निळा लखलखाट झाला आणि गेला. जरा आणखी कलती केली तर त्याच ठिकाणी नारिंगी. त्याच्या शेजारी चपटे, चकतीसारखे बुडबुडे. बुडबुडे काचेत असतात. डोंगराच्या पोटात सावकाश वाढलेल्या कुरुविंदात अशा गोल चकत्या येत नाहीत.

मुंबईच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला तेव्हा त्यात तेच होतं: कुरुविंद, शिशाच्या काचेने भरलेलं. हे कसं करतात ते मी नंतर खोलात वाचलं. ज्याला कोणी हात लावणार नाही असं भेगाळलेलं, अपारदर्शक कुरुविंद घेतात. आम्लाने त्याच्या भेगा धुऊन काढतात. मग भरपूर शिसं घातलेली काच वितळवून त्या भेगांत मुरवतात. शिशामुळे काच प्रकाशाला जवळपास माणकाइतकीच वाकवते, म्हणून भेग डोळ्याला दिसेनाशी होते आणि वाळूच्या ढेकळासारखा दगड एकदम पारदर्शक लाल दिसू लागतो. 2004च्या सुमारास असे खडे जगभरच्या बाजारात लोटले. काही खड्यांत काचेचं प्रमाण इतकं असतं की त्यांना दगड म्हणावं की काच, यावर प्रयोगशाळांनाही वेगळा शब्द काढावा लागला. ही काच आंबटात टिकत नाही. लिंबाचा रस पुरतो, सोनाराच्या फुंकणीची ज्योत पुरते. आमच्याकडे तर दहा दिवस मीठ आणि रातांबे होते.

मी बिल आणि अहवाल घेऊन त्या दुकानात गेले. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी अहवाल न वाचताच बाजूला ठेवला, अंगठी उजेडात धरली आणि विचारलं, "आंबटात कशाला घातली?"

पैसे परत मिळाले नाहीत. ते एक वेळ मी सोसलं. पण आईनं स्वतःला जे म्हटलं होतं तेच शब्द एका परक्या माणसानं तिच्या अंगावर टाकले, ते मला अजून सोसत नाही. खोट्या नावाने विकलेल्या खड्यात पैसे जातात हे सगळ्यांना दिसतं. त्या खड्याला काही झालं की घालणारं माणूस स्वतःलाच दोष देत बसतं, हे कोणाला दिसत नाही. माझी आई पुरतं वर्षभर तशी बसली होती. त्या वर्षात मी खड्यांच्या नादाला लागले, आणि ज्यांना दागिन्यांची हौस आहे त्या सगळ्यांना एकच सांगत आले: खडा स्वस्त घ्या, महाग घ्या, पण त्याच्या खऱ्या नावासकट घ्या. कुरुविंद तापवलेलं असेल तर तापवलेलं. काच भरलेली असेल तर काच भरलेली. प्रयोगशाळेत वाढवलेलं असेल तर तसं. बिलावर लिहून घ्या, आणि लिहून देताना समोरच्याची लेखणी अडखळली तर खडा परत ठेवा.

बाबांना बर्माचंच माणिक का हवं होतं, हे रत्नागिरीच्या माणसाला सांगावं लागत नाही. आईचं माहेर थिबा पॅलेसपासून चालत दहा मिनिटांवर. लहानपणी ती तिथल्या आवारात करवंदं खात हिंडलेली. 1885च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाचा राजा थिबा आणि राणी सुपयालत यांना आधी मद्रासला आणि 1886च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा 1910मध्ये बांधून झाला, म्हणजे राजाची जवळजवळ पंचवीस वर्षं आधी इथल्या बंगल्यांतच गेली. 1916मध्ये तो इथेच वारला. समाधीही इथेच आहे. तीस वर्षं भाट्याच्या खाडीकडे बघत बसलेल्या या राजाच्या देशात, मंडालेच्या उत्तरेकडच्या डोंगरांत, मोगोक आहे. जगातल्या उत्तम माणकांचं गाव.

मोगोकच्या मोठ्या माणकांवर राजाचा हक्क असे. त्यामुळे माणिक लपवण्याच्या, मुद्दाम फोडून दोन करण्याच्या गोष्टी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. 'न्गा मौक' नावाचं राजघराण्याचं माणिक अशाच एका गोष्टीतून आलेलं, सापडणाऱ्याच्या नावाचं. शरण आल्यानंतरच्या त्या धामधुमीत आपण दागिने कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याकडे सांभाळायला दिले आणि ते परत आले नाहीत, ही थिबाची तक्रार अखेरपर्यंत होती. जे खडे सोबत आले ते रत्नागिरीत एकेक करून विकले गेले. इंग्रजांकडून मिळणारा तनखा पुरत नव्हता, लवाजमा मोठा होता. म्हणजे या गावातल्या पेढ्यांवर एके काळी खरोखरची मोगोकची माणकं कापडाच्या पुरचुंडीतून उलगडली गेली. आईच्या माहेरी म्हातारी माणसं सांगत, अमक्याच्या आजीच्या कुड्यांत राजाकडचा खडा आहे. खरं-खोटं देव जाणे. पण 'बर्माचं माणिक' हे शब्द आमच्याकडे अशा घराघरांतल्या बोलण्यातून आलेले आहेत. दुकानदाराने बाबांना ते शब्द ऐकवले तेव्हा बाबांनी पुढे काही विचारलं नसणार.

मोगोकचं माणिक इतकं का वाखाणतात, ते मला सूर्यप्रकाशात कळलं. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने मला खरा, न तापवलेला, तिळाहून जरा मोठा एक खडा तळहातावर ठेवायला दिला होता. दुकानात तो लाल होता. पायरीवर उन्हात आणला तर आतून पेटला. निखाऱ्यावर फुंकर मारली की होतो तसा. माणकाचा लाल रंग क्रोमियममुळे येतो, आणि हेच क्रोमियम उन्हातला डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश घेऊन लाल प्रकाश परत देतं. लोह जास्त असलं तर ही चमक मरते. मोगोकची माणकं संगमरवरात वाढतात, तिथे लोह फार थोडं, म्हणून ती चमक मोकळी राहते. तो खडा मी परत दिला. घेण्याची ऐपत नव्हती. तळहातावर किती वेळ होता ते आठवत नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी कळल्यावर मी शाळेच्या प्रयोगशाळेत एकटीच बसून राहिले होते.

माणिक बनायला लागतं काय? ॲल्युमिनिअम, ऑक्सिजन, आणि चिमूटभर क्रोमियम. ॲल्युमिनिअम आपल्या कोकणात ढिगाने आहे; ज्या कातळावर आपण चिरे काढतो त्या जांभ्याचाच भाऊ म्हणजे बॉक्साइट, मंडणगड-दापोलीकडे आणि श्रीवर्धनकडे तो मिळतो. क्रोमियम? कणकवलीजवळ जानवली आणि वागद्याला क्रोमाइट आहे, क्रोमियमचं खनिज. नीलमही कुरुविंदच, त्याच्या निळ्या रंगाला लोह आणि टायटॅनिअम लागतं. मिऱ्या आणि काळबादेवीच्या किनाऱ्यावरची ती काळी वाळू, जी आम्ही लहानपणी चुंबकाला चिकटवून मिशा करायचो, तिच्यात इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह आणि टायटॅनिअमचंच ऑक्साइड. सगळं सामान घरात आहे, आणि स्वयंपाक झालेला नाही.

कारण चूल नव्हती. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत जाऊन आशियाला भिडला, तिथे चुनखडक दाबला गेला, तापला, त्याचा संगमरवर झाला, आणि त्या दाबात, त्या उष्णतेत मोगोकच्या बाजूला माणकं जमली. आपल्याकडे सह्याद्री ही लाव्हाची रास, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. लाव्हात सिलिका मुबलक. सिलिका जवळ असली की ॲल्युमिनिअम तिच्याशी जोडी जमवतं, एकटं राहून कुरुविंद होत नाही. मग पुढची लाखो वर्षं आपल्या पावसाने तो दगड धुऊन धुऊन जांभा केला, सिलिका वाहून नेली, ॲल्युमिनिअम आणि लोह मागे ठेवलं. तोपर्यंत चूल विझलेली. एका जागी जन्मलेल्या लाल खड्यात किती गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात, ते मला आपल्या सड्यावर उभं राहून समजलं. मोगोकला जाऊन समजलं नसतं.

आणि मोगोकला तरी सगळे लाल खडे माणिक कुठे आहेत? त्याच संगमरवरात, त्याच ओढ्यांच्या गाळात, त्याच लाल रंगाचं स्पिनेल सापडतं. जयपूरकडचे व्यापारी त्याला लालडी म्हणतात. मॅग्नेशिअम आणि ॲल्युमिनिअमचं ऑक्साइड, कठीणपणा 8, रंग पुन्हा क्रोमियमचाच. शेकडो वर्षं लोक दोघांना एकच समजत होते. इंग्लंडच्या राजमुकुटात 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणून कोंबडीच्या अंड्याएवढा जो लाल खडा आहे तो स्पिनेल आहे. मुघलांची नावं कोरलेलं 'तैमूरचं माणिक', तेही स्पिनेल. 1783मध्ये रोमे द लील या फ्रेंच स्फटिकतज्ज्ञाने दोन खनिजं वेगळी आहेत हे मांडलं. तेव्हापासून स्पिनेलची जी हेळसांड सुरू झाली ती अगदी अलीकडेपर्यंत. मला हे फार लागतं. खडा तोच, रंग तोच, तेज तेच. नाव बदललं आणि किंमत उतरली. नवरत्नांत त्याला जागा नाही, पत्रिकेत त्याला ग्रह नाही, म्हणून आपल्याकडे तर त्याला कोणी बोटही देत नाही. 'उपरत्न' म्हणून एका शब्दात वासलात.

दोघांना वेगळं ओळखायची युक्ती सोपी आहे. माणकात शिरलेला प्रकाश दोन वाटांनी फुटतो, स्पिनेलमध्ये एकाच वाटेने जातो. माणूस धीराने बघत बसला तर या एवढ्याशा फरकावरून काय सापडू शकतं, याची एक गोष्ट मला देवासारखी वाटते. 1945 साली डब्लिनमध्ये रिचर्ड टाफ नावाच्या रत्नपारख्याने एका जवाहिऱ्याकडून किरकोळ खड्यांची एक लॉट घेतली. घरी बसून एकेक खडा भिंगाखाली घालताना एक फिकट जांभळा, दीड कॅरेटही न भरणारा खडा आला. सगळ्या खुणा स्पिनेलच्या. पण आरपार बघताना मागच्या पैलूंच्या कडा त्याला दुहेरी दिसल्या. स्पिनेलमध्ये कडा दुहेरी दिसू शकत नाहीत. त्याने तो लंडनच्या प्रयोगशाळेला पाठवला, आणि ते एक नवंच खनिज निघालं. पैलू पाडून विकल्या गेलेल्या खड्यावरून नवीन खनिज ओळखलं जाण्याची ती पहिली वेळ. आज त्याचं नाव टाफाइट. त्या काळी कोणीतरी तो खडा स्पिनेल म्हणून घातला असता, मिरवला असता, हरवला असता, आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

मोगोकची स्वतःचीही अशी अपत्यं आहेत. आर्थर पेन यांना 1950च्या दशकात तिथे एक तांबूस-तपकिरी स्फटिक मिळाला, पेनाइट. पुढची कित्येक दशकं जगात पेनाइटचे स्फटिक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आता बरेच सापडलेत. आणि क्याव्थुआइट, नारिंगी लाल, 1.61 कॅरेट, पैलू पाडलेला, 2015मध्ये वेगळं खनिज म्हणून मान्यता मिळालेला. त्याचा नमुना जगात तेवढा एकच, लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात. 1.61 कॅरेट म्हणजे साधारण गुंजेच्या अडीच-तीन बियांचं वजन. आमच्या कुंपणावरच्या गुंजेच्या शेंगेत मावेल एवढंसं.

संग्रह करणाऱ्या माणसांकडे आपल्याकडे जरा संशयाने बघतात: घालायचं नाही तर घ्यायचं कशाला? मला आता त्याचं उत्तर देता येतं, कारण माझ्याकडे तसा एक दगड आहे. महाडजवळ मामाच्या आवाडात विहीर खणत होते. वरचा मुरूम संपून काळवथर लागला, सुरुंग लावले, आणि एका डबरात मुठीएवढी पोकळी निघाली. पोकळीच्या आत पांढरेशुभ्र, टोकदार, काचेसारखे चौकोनी स्फटिक, आणि त्यांच्या बुडाशी मोरपिसासारखे उघडलेले फिकट गुलाबी झुबके. कामगारांनी त्याला 'खडीसाखर' म्हणून बाजूला ठेवलं होतं, मामाच्या नातवाने चाटूनही पाहिलं होतं. ते चौकोनी म्हणजे अपोफिलाइट आणि झुबके स्टिल्बाइट. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे त्या पोकळ्यांतून ऊन पाणी झिरपत राहतं आणि भिंतींवर स्फटिक धरतात. बोरघाटातला रेल्वेमार्ग फोडताना असेच स्फटिक निघाले आणि तेव्हापासून आपल्या दख्खनच्या दगडांची ख्याती परदेशातल्या संग्रहालयांपर्यंत गेली. वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हन्साइट, मोरचुदाहून निळं, त्यासाठी तर जगभरचे संग्राहक जीव टाकतात.

यातलं काहीच अंगठीत बसवता येत नाही. अपोफिलाइटचा कठीणपणा पाचाच्या आत-बाहेर, एका दिशेने तो पापुद्र्यासारखा सुटतो, तापवला तर आतलं पाणी सोडून पिसकारतो. कॅव्हन्साइट त्याहून मऊ. त्यांना उशीवर ठेवून बघायचं, बस्स. मी माझा तुकडा कापसावर, बुटांच्या खोक्यात ठेवला आहे. पावसाळ्यात दुपारी अंधारून येतं तेव्हा एखाद्या दिवशी काढते. खिडकीशी धरला की त्याच्या चौकोनी डोक्यावर मोत्यासारखी झाक येते आणि बाजूंवर काचेची. एकाच स्फटिकाला दोन पाणी. साडेसहा कोटी वर्षांच्या दगडातली ती पोकळी बंद होती, मामाच्या विहिरीत पहिल्यांदा तिच्यात उजेड शिरला. खोक्यावर मी चिठ्ठी लावली आहे: गाव, विहिरीची खोली, तारीख, कोणी काढला. चिठ्ठी हरवली तर निम्मा दगड गेला असं संग्राहक मानतात, आणि मीही तेच मानते.

चिठ्ठीविना आलेल्या दोन गोष्टीही आहेत माझ्याकडे. एक, कालवांच्या आमटीत दाताखाली आलेला मिरीएवढा मोती. त्याला तेज नाही, खडूसारखा आहे, कारण खायच्या कालवांच्या शिंपल्यात ते इंद्रधनुषी अस्तर नसतं. दुसरी आजीची नथ. तिच्यातला लाल खडा घरात पिढ्यान्‌पिढ्या 'माणिक' होता. भिंगाखाली धरला तर आत बारीक वळणदार रेघा, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. निसर्गातल्या माणकात वाढीच्या रेघा सरळ आणि कोनांनी जातात. या वळणदार रेघा म्हणजे व्हेर्नॉयची भट्टी: 1902 साली या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ज्योतीतून भुकटी पाडत पाडत माणिक बनवण्याची रीत जाहीर केली, आणि थोड्याच वर्षांत ते खडे आपल्या गावच्या सोनारापर्यंतही पोचले. आजीला हे सांगायला आजी नाही. तिला दुःख झालं असतं असं मला वाटत नाही. तो खडा माणकाच्याच घटकांचा आहे, शंभर वर्षं नथीत राहून त्याच्यावर ओरखडा नाही, आणि तिने हौसेने घातला. मी नथीच्या डबीत चिठ्ठी ठेवली: ज्योतीत बनवलेलं माणिक.

दोन वर्षांपूर्वी आईच्या अंगठीसाठी खडा घेतला. माझ्या ऐपतीचा, मोगोकचं लाल स्पिनेल, कॅरेटला जरा कमी. सोबत प्रयोगशाळेचा कागद: स्पिनेल, तापवल्याच्या खुणा नाहीत. मी आईला टेबलाशी बसवलं, भिंग तिच्या डोळ्याला लावून दिलं, तिच्या कोपरांखाली उशी ठेवली. तिचा हात थोडा कापतो, म्हणून मी खडा धरला. बराच वेळ तिला नुसता लाल धुरळा दिसत होता. मग ती म्हणाली, "आत बारीक बारीक काहीतरी ओळीनं बसलंय. दोन शंकू बुडाला बूड लावून ठेवल्यासारखं." ते अष्टफलक होते. स्पिनेलच्या पोटात स्पिनेलच्याच आकाराचे कण असतात, बोटाच्या ठशासारखे रांगेत. मी काही सांगायच्या आत तिने ते पाहिलं होतं.

गावातल्या सोनारकाकांनी कोंदण नवं केलं. जुना खडा काढून त्यांनी कागदाच्या पुडीत दिला, "टाकून द्या वहिनी," म्हणाले. आईने टाकला नाही. बाबांचं ते बिल पोथीतून काढलं, पुडी त्यात ठेवली आणि 'बर्मा माणिक' या शब्दांखाली पेन्सिलीने लिहिलं, 'शिशाची काच भरलेला दगड. ह्यांनी आणला.' मग घड्या पूर्वीसारख्याच घालून पोथीत.

यंदा रातांबे उशिरा आले. शेजारच्या काकू मदतीला बसल्या होत्या. आईने दोन्ही हात रसात घातले, अंगठीसकट, आणि सालं खालपासून वर ढवळून काढली. काकूंचं लक्ष गेलं.

"अगो, माणिक ना ते? पुन्हा आंबटात?"

"माणिक नाही गो," आई म्हणाली आणि ओंजळभर सालं सुपात उपसली. "लालडी आहे ती."